रेकॉर्डवाल्या वहिनी

"थांबा, अजून पाय तापले न्हाईत."

हळदीच्या मांडवात कुणी घाई केली की वहिनींचं एवढंच उत्तर असायचं. नवरदेवाची मावशी येऊन म्हणायची, अहो, आवाज वाढवा की जरा. करवली येऊन सांगायची, ते नाचायचं लावा ना. वहिनी मान हलवायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि पुन्हा समोर बघायला लागायच्या. समोर म्हणजे नाचणाऱ्या बायकांच्या तोंडाकडे नाही. खाली, पायांकडे.

लग्नात डीजे वाजवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मान लॅपटॉपात, एक कान हेडफोनात, आणि समोर लोक नाचतायत की जेवायला गेलेत याचा पत्ता नाही. वहिनींचं उलट. यंत्राकडे त्या गाणं बदलतानाच काय ते बघायच्या, तेही घाईघाईने, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघून यावं तसं.

मी नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचा फोटोवाला. लग्नसराईत महिन्यातले वीस दिवस माझे मांडवात जातात, आणि त्यातली निम्मी लग्नं वहिनींच्या घरच्या साउंडची असायची. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, टेम्पो चालवायचे आणि वायरी जोडायचे. धाकटा दीर बॉक्स, ॲम्प्लिफायर आणि गिऱ्हाईक सांभाळायचा. सगळी पंचक्रोशी त्यांना वहिनी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्या मला फोटोवाले भाऊ म्हणतात.

बाई या धंद्यात कशी आली, हे मला दादांनीच एकदा सांगितलं. दादांचे हात तरुणपणापासून थरथरतात. त्यांच्या वडिलांचेही थरथरायचे. स्टिअरिंग धरलं की हात स्थिर होतात, पण रेकॉर्डवर सुई ठेवायची म्हटलं की दोनदा टेकणार, एकदा घसरणार, आणि कर्ण्यातून सगळ्या गावाला ऐकू जाणार. लग्नाला चार महिने झाले असतील, दादांनी दिवाळीत वहिनींना दारात रांगोळी काढताना पाहिलं. ठिपक्यांच्या ओळी दोरीने आखल्यासारख्या सरळ. पुढच्या लग्नाला ते वहिनींना टेम्पोत घेऊन गेले. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत म्हणे. नंतर त्यांनाच लोक विचारायला लागले, तुमच्या सूनबाई येणार ना हळदीला? मग त्या बोलायला लागल्या.

मी धंद्यात आलो तेव्हा वहिनींचे दोन रेकॉर्ड प्लेअर होते. एकावर गाणं चालू, दुसऱ्यावर पुढचं तयार. आणि हे दोन्ही प्लेअर टेबलावर नसायचे. टेबलावर ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब, ट्यूबवर फळी, फळीवर प्लेअर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आवरलं नाही. वहिनी म्हणाल्या, "हसू नका भाऊ. चाळीस बाया एकदम उडी मारत्यात. जमीन हलली की सुई पळती."

तरी सुई पळायचीच. सारवलेल्या अंगणात बायका रंगात आल्या, एखादीने जोरात पाय आपटला, की गाणं पहिल्या कडव्यातून थेट तिसऱ्यात. बायका खो खो हसायच्या, पण वहिनींना ते मनापासून लागायचं. म्हणून त्या पायांवर नजर ठेवायला शिकल्या. कोणते पाय नुसते ताल धरतायत, कोणते आता उडी मारणार, कोणत्या पायांना गुडघेदुखी आहे आणि तरी उठायचंय. उडी यायच्या आत त्या आवाज किंचित उतरवायच्या किंवा गाणंच बदलायच्या. सुई वाचायची, आणि गंमत म्हणजे नाचही टिकायचा.

कॅसेट आल्या, सीडी आल्या, पेनड्राइव्ह आले. वरातीला दिराची बॉक्सची भिंत लागली, तिच्यासमोर उभं राहून फोटो काढताना माझ्या छातीत धडधडायचं. पण हळद मात्र वहिनींच्या रेकॉर्डवरच व्हायची. "रेकॉर्डवाली हळद" असं लोक बुकिंग करतानाच सांगायचे. रेकॉर्डचा आवाज गोड, भरीव, अंगाला लागत नाही, असं वहिनी म्हणायच्या आणि आम्ही सगळे मान डोलवायचो. मी तर सर्वांत जोरात. माझा रोलचा कॅमेरा मी कधीच विकून टाकला होता आणि डिजिटल किती चांगलं हे गिऱ्हाइकाला पटवून देत फिरत होतो, तरी आवाजाच्या बाबतीत मी जुन्याचा कैवारी. माणूस दुसऱ्याच्या धंद्यात फार लवकर तत्त्वनिष्ठ होतो.

दीर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. त्याने लॅपटॉप घेतला, चकत्या फिरवायचं नवं डीजेचं यंत्र घेतलं, आणि त्याचं म्हणणं सरळ होतं. रेकॉर्डच्या पेट्या उचलून कंबरा गेल्या. सुई जवळपास कुठे मिळत नाही. आणि पोरी जी नवी गाणी मागतात ती रेकॉर्डवर निघालेलीच नाहीत. नगरला ओळखीच्या स्टुडिओत नेऊन त्याने वहिनींच्या सगळ्या रेकॉर्ड कॉम्प्युटरमध्ये भरून आणल्या. मन लावून काम केलं होतं पठ्ठ्याने. मग एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "वहिनी, आता तुमी कशाला उन्हातान्हात दगदग करता? बटन तर दाबायचंय. दादाबी दाबंल."

काळजीनेच म्हणाला. पण वहिनींच्या हातातला घास तसाच राहिला, असं दादांनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या स्टुडिओत आल्या. निमित्त पासपोर्ट फोटोचं होतं. खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, घरात मला समदे ‘अगं ए’ म्हनत्यात. मांडवात ‘वहिनी, जरा हे लावता का’ म्हनत्यात. रेकॉर्ड गेली की मी कोन?"

मी फोटो काढला. तो फोटो चांगला आला नाही, दुसरा काढावा लागला.

भांडण करायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही, असा वहिनींचा स्वभाव. त्यांनी दिराला सांगितलं, रेकॉर्डचा आवाज वेगळा असतो आणि मी तो डोळे मिटून ओळखीन. ओळखला तर रेकॉर्ड टेम्पोत राहणार आणि मीही. दीर म्हणाला, आणि न्हाई ओळखला तर? वहिनी म्हणाल्या, "तर मी घरी बसंन."

ही परीक्षा त्यांच्या सामानाच्या शेडमध्ये झाली. पितृपक्ष चालू होता, लग्नं नव्हती. भर दुपार. शेडच्या मधोमध ताडपत्री टांगली. ताडपत्रीमागे एका बाजूला रेकॉर्ड प्लेअर आणि दादा, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप आणि दीर. बॉक्स एकच, मिक्सर एकच. वहिनी पुढे खुर्चीवर. मी पंच, हातात कागद-पेन. एकच गाणं एकदा रेकॉर्डवरून, एकदा लॅपटॉपवरून, कोणतं आधी ते आतले दोघं ठरवणार, आणि वहिनींनी सांगायचं रेकॉर्ड कोणती. अशी सहा गाणी.

पहिलं गाणं. वहिनी म्हणाल्या, "दुसरी रेकॉर्ड." बरोबर. दुसरं गाणं, "पहिली." बरोबर. तिसरंही बरोबर. ताडपत्रीमागून दादांचं हसू ऐकू आलं. दिराने डोकं बाहेर काढून माझा कागद पाहिला आणि चेहरा पाडून परत आत गेला. मला इतका आनंद झाला की मी पंच आहे हे विसरून वहिनींकडे बघून अंगठा दाखवला.

वहिनी मात्र हसत नव्हत्या. त्या काही वेळ मांडीवरच्या हातांकडे बघत बसल्या आणि मग आत हाक मारून म्हणाल्या, "सुई कोन ठिवतंय?"

"मीच की," दादा म्हणाले.

"मंग ह्ये खोटं हाय," वहिनी म्हणाल्या. "मला रेकॉर्ड न्हाई ऐकू येत. मला ह्यांचा हात ऐकू येतोय. सुई दोनदा टेकती. तेवढ्यावरनं सांगतीय मी."

दादा ताडपत्री बाजूला करून बाहेर आले आणि नुसते उभे राहिले. त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. वहिनींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो, चुकलं न्हाई तुमचं काई. आत जावा."

आता तुम्हीच सांगा. त्या गप्प बसल्या असत्या तर? तीन बरोबर आली होती, उरलेलीही आली असती, रेकॉर्ड टेम्पोत राहिली असती, त्याही राहिल्या असत्या, आणि आम्हा कोणालाही काही कळलं नसतं. मी असतो तर गप्प बसलो असतो. हे मी इतक्या सहज लिहितोय, त्यावरून तुम्ही माझी काय ती पारख करा.

मग मी मिक्सरपाशी गेलो. सुई बसेपर्यंत आवाज बंद ठेवायचा, गाणं सुरू झालं की मग वाढवायचा. लॅपटॉपमधल्या गाण्यातही रेकॉर्डची ती बारीक करकर भरली गेलेली होतीच. पुन्हा सहाच्या सहा गाणी झाली. वहिनींनी डोळे मिटून, मान कलती करून, जीव लावून ऐकलं. सहापैकी दोन बरोबर आली.

"सारखंच हाय की ओ," वहिनी म्हणाल्या. मला वाटलं रडतील. पण त्या खरंच नवल वाटल्यासारख्या बोलत होत्या. मग उठून ताडपत्रीची गाठ सोडायला लागल्या. दीर पुढे झाला, म्हणाला, "वहिनी, राहू द्या, मी सोडतो." त्यांनी त्याला सोडू दिली.

घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अशा माणसाला घरी बसवतात होय? मी म्हणालो, शब्द दिला होता त्यांनी. ती म्हणाली, शब्द दिला की सगळ्यांची अक्कल जाते का?

तुळशीचं लग्न झालं आणि सराई सुरू झाली. वहिनी आल्या नाहीत. पहिल्या दोन हळदी मी दिराबरोबर केल्या. गाणी तीच होती, आवाज स्वच्छ होता, सुई पळायचा प्रश्न नव्हता. पण माझे फोटो बघितले तर बायका खुर्च्यांवर. नाचतायत त्या सात-आठ पोरी, त्याही मोबाईलसमोर. बाकीच्या कानाला पदर लावून एकमेकींशी ओरडून बोलतायत. दीर मन लावून गाण्यात गाणं मिसळत होता आणि वर बघत नव्हता.

तिसरी हळद कोल्हारला होती, वहिनींच्या मामेभावाच्या मुलीची. तिथे वहिनी पाहुणी म्हणून आलेल्या. चांगली साडी, गजरा, हातात आहेराची पिशवी. इतक्या वर्षांत मांडवात त्यांना खुर्चीवर बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगतो, मला ते बघवलं नाही. नवरीची आजी त्यांच्या शेजारी बसली होती. ऐंशीच्या घरातली. गाणं लागलं की आजीचा चपलेतला अंगठा हलायचा, आणि गाणं बदललं की थांबायचा. दीर दोन-दोन मिनिटांना गाणं बदलत होता.

वहिनी दहा मिनिटं बसल्या. मग पिशवी आजीच्या मांडीवर ठेवली, उठल्या आणि टेबलापाशी गेल्या. मी कॅमेरा घेऊन मागोमाग. फोटोवाल्याला कुठेही घुसता येतं, हा आमच्या धंद्याचा एकच फायदा.

"भावजी, ह्ये काढा. मघाचं परत लावा."

"वहिनी, ते झालं की वाजवून."

"झालं न्हाई. म्हातारी उठत हुती, तुमी तोडलं. परत लावा. आनि आवाज कमी करा."

त्याने केला.

"अजून कमी. अजून. त्येंला सोताच्या बांगड्या ऐकू येऊ द्या."

आवाज इतका उतरला की मागच्या स्वयंपाकघरातली भांडी ऐकू यायला लागली. दीर घाबरून माझ्याकडे बघायला लागला. वहिनी बॉक्सकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बायकांचं ओरडून बोलणं थांबलं, कारण ओरडायची गरजच उरली नाही. कुणीतरी टाळी धरली. आजीचा अंगठा, मग टाच, मग आजी सुनेचा हात धरून उभीच राहिली. वहिनी न बघता मागे हात करून बोटाने खुणा करत होत्या, थोडं वर, थोडं वर, आणि दीर त्या बोटाकडे बघून बटण फिरवत होता. पाचव्या मिनिटाला खुर्च्यांवर फक्त पिशव्या उरल्या. यंत्र तेच होतं, गाणं तेच होतं, सुईचा कुठे संबंध नव्हता.

त्या दिवशी परतताना मी त्यांच्या टेम्पोतच पुढे बसलो होतो. प्रवरेचा पूल ओलांडल्यावर वहिनी म्हणाल्या, "इतकी वर्सं मला वाटायचं, आवाज रेकॉर्डचा चांगला म्हनून बाया नाचत्यात. मी उगंच तिच्यामागं लपले हुते." दिराने गाडीच्या मागच्या बाजूने, सामानात बसल्या बसल्या, जोरात विचारलं, "काय म्हनाल्या वहिनी?" दादा म्हणाले, "उद्यापास्नं त्या डब्यावर शिकीव म्हनाली." वहिनी असं काही म्हणाल्या नव्हत्या, पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही.

शिकायला त्यांना महिना लागला. दिराने हातचं न राखता शिकवलं. वहिनींनी यंत्राच्या बटणांवर वेगवेगळ्या रंगांच्या टिकल्या चिकटवल्या, लाल म्हणजे हे, हिरवी म्हणजे ते. लॅपटॉपचं तोंड त्यांनी थोडं कलतं करून ठेवलं, नाहीतर नजर तिकडेच जाते म्हणाल्या. पोरींची नवी गाणी त्यांना आवडायला लागली, हे त्यांनी फार उशिरा कबूल केलं. रेकॉर्ड आता घरी असतात. पुण्याचा एक शौकीन विकत मागायला आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला. सकाळी वहिनी भाकरी करतात तेव्हा दादा ओसरीवर रेकॉर्ड लावतात. सुई दोनदा टेकते आणि गाणं सुरू होतं. कुणाला ऐकायचंच असेल तर बेलापूरला या.

आता माझ्या घरचं सांगतो आणि थांबतो. यंदा माझ्या मुलीचं लग्न झालं. तारीख ठरल्याबरोबर मी वहिनींच्या घरी गेलो, पेढे दिले आणि म्हणालो, हळद तुमची. वहिनींनी डायरी काढली, पानं उलटली आणि ओशाळून म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी घोडेगावला शब्द दिलाय. लेक तुमची तशी माझीबी हाय, पर त्येंनी दिवाळीतच सांगितलंय." मला राग आला. मग घरी येताना रस्त्यात हसू आलं. बाईला सवड नाही, याचा मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

हळदीच्या दिवशी त्यांचा दुसरा टेम्पो न सांगताच दारात आला, त्यातून दीर उतरला. हात पुसत दारात उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "वहिनी घोडेगावला हायेत. म्या आलो तर चालंल का?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, चालवून घेऊ.

बिचाऱ्याने फार कष्ट घेतले. सावकाश वाजवलं, मान वर ठेवली, पायांकडेही बघितलं. पण बघणं आणि दिसणं यात फरक असतो. अर्ध्या तासाने माझ्या बहिणी खुर्च्यांवर, मुलगी हळद लावून एकटीच बसलेली, आणि तो घामाघूम. शेवटी त्याने फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडून घोडेगावच्या हळदीचा गलका ऐकू येत होता.

"वहिनी, हितं उठंनात कोनी. ऐका बरं, काय चुकतंय," असं म्हणून त्याने फोन बॉक्ससमोर धरला.

मी शेजारीच होतो. फोनच्या त्या एवढ्याशा भोकातून पलीकडे काय जात असेल, ते देव जाणे. सगळ्यात भिकार आवाज म्हणायचा तो. पण वहिनींचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"आवाज निम्मा करा, भावजी. आनि फोन गान्याकडं नका धरू. बायांकडं धरा."

त्याने आवाज उतरवला. मग फोन हातात पुढे धरून तो खुर्च्यांच्या मधून हळूहळू फिरायला लागला. माझी थोरली बहीण त्याला बघून हसली. मुलगी हसली. कुणीतरी उगाच टाळी धरली, दुसरीने ती उचलली, आणि बायकोने मुलीच्या हाताला धरून तिला उठवलं. दीर मांडवाच्या मधोमध फोन धरून तसाच उभा होता.

मग फोनमधून आवाज आला, "हां. आता वाढवा थोडं."